पाणी मिरजेचं, पहारा कुणाचा?

समुद्राच्या सुरक्षेवर भांडायला अर्धापूर ही तशी आडबाजूची जागा. न्हावा शेवा बंदर साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर, आणि गावात कुणी ‘पाणी सुटलं का’ असं विचारलं तर तो इसापूरच्या कालव्याबद्दल बोलत असतो. तरी केळीच्या बागेत कटिंग चालू असताना मामा-भाचीत जुंपली ती थेट मालदीववर.

मामा नौदलात इंजिन रूमला होते. गोदावरीच्या जिल्ह्यातला माणूस आणि काही वर्षं नेमणूकही ‘आयएनएस गोदावरी’वरच, याचं त्यांना अजून कौतुक आहे. निवृत्तीनंतर कालव्याखालच्या रानात केळी लावली. भाची नांदेडच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मामांना ‘तुम्ही’ म्हणते, पण मुद्दा सोडत नाही. मी मध्ये बसलो होतो आणि बराच वेळ मला कुणी काही विचारलं नाही. बोलणं जसं आठवतं तसं देतो. मामांची बोली जराशी सरळ केली आहे आणि दोन-चार शिव्या गाळल्या आहेत.

मामा : ही फणी बघ. घड उतरवला, फण्या सोडवल्या, चीक धुतला. आता तेरा किलोची पेटी भरायची आणि कंटेनरात तेरा अंशांवर ठेवायची. त्याच्या खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की वाटेतच पिकायला लागते. हळद थांबते, सोयाबीन थांबतं, केळी थांबत नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल बारा दिवस भिडले तर इराणला केळी पाठवणारा आमचा व्यापारी फोनच उचलेना. अर्धापूरच्या शेतकऱ्याला समुद्राचं काय, असं आता कुणी म्हणून दाखवावं.

भाची : तसं मी म्हणतच नाही, मामा. पण त्या बारा दिवसांत आपल्या नौदलाच्या हातात काय होतं? होर्मुझच्या एका काठाला इराण, दुसऱ्या काठाला ओमान. तिथून तुम्ही उडी मारता ती मालदीववर. आपण विमान दिलं, हेलिकॉप्टर दिलं, आणि त्यांनी ‘इंडिया आउट’ म्हणून आपली माणसं परत पाठवली. तुमचा राग केळीचा नाही, तो आहे.

मामा : आहेच. कामून नसावा? ३ नोव्हेंबर १९८८. श्रीलंकेतले भाडोत्री बंदूकवाले मालेत उतरले. राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसलेले, ह्याला त्याला मदत मागायले. त्याच रात्री आपली पॅराट्रूपर भरलेली विमानं आग्र्याहून निघून हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. पळणाऱ्यांनी ‘प्रोग्रेस लाइट’ नावाचं मालवाहू जहाज धरलं, ओलीस घेतले आणि श्रीलंकेची दिशा पकडली. त्यांना समुद्रात गाठलं कुणी? ‘गोदावरी’नं आणि ‘बेतवा’नं. मी त्या जहाजावर नंतर गेलो, पण तेव्हाची माणसं मेसमध्ये बसून सांगायची. सगळे ओलीस काही वाचले नाहीत, ते सांगताना आवाज खाली यायचा. पण सरकार वाचलं, देश वाचला. आणि पस्तीस वर्षांनी तेच म्हणतात, तुमची माणसं आम्हाला नकोत.

भाची : त्याच गोष्टीचा शेवट सांगा ना. काम झाल्यावर आपण काय केलं? बहुतेक सैन्य लगेच परत आलं, थोडे जवान काही काळ थांबले आणि मग तेही आले. तळ नाही मागितला, बेट नाही मागितलं. म्हणून गयूम पुढची वीस वर्षं आपल्याशी नीट वागले. त्याच काळात श्रीलंकेत काय चाललं होतं ते आठवा. २९ जुलै १९८७ ला करार झाला. दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना त्यांच्याच नौदलाच्या खलाशानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. आपण शांतिसेना म्हणून गेलो, मार्च १९९० मध्ये परतलो, मध्ये अकराशेहून जास्त जवान गेले. आणि ज्या राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांच्या देशासाठी गेलो, त्यांनी आपल्या सैन्याशी लढायला तमिळ वाघांना शस्त्रं पुरवली.

मामा : मला सांगायलीस का ते? आमच्यातलेच होते ते.

इथं दोघंही जरा थांबले. माझं मत विचाराल तर ह्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्यावर निम्मा वाद मिटायला हवा होता. दोन्हीकडे सैन्य तेच, सरकार तेच, वर्षंही जवळपास तीच. एकीकडे कामाला सुरुवात होती आणि शेवट होता. दुसरीकडे कुणी बोलावलं, कशासाठी, कधीपर्यंत, यातलं काहीच पक्कं नव्हतं. पण मामा माघार घेणाऱ्यातले नाहीत. त्यांनी पाणी काढलं.

मामा : बरं, सैन्य सोड. डिसेंबर २०१४. मालेच्या पाण्याच्या कारखान्याला आग लागली. अख्खं शहर समुद्राच्या मधोमध, आणि प्यायला थेंब नाही. ‘आयएनएस सुकन्या’ गेली, हवाई दलाची विमानं पाणी घेऊन गेली. लातूरच्या माणसाला विचार ह्याची किंमत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती लातुरात. लातूरकर विसरला का मिरजेला?

भाची : नाही विसरला. पण मिरजेनं पाणी दिलं म्हणून मिरजेचा एक तरी हवालदार लातुरात ठाण मांडून बसला का? ‘आम्ही पाणी दिलं, आता तुमच्या विहिरींचे नकाशे आमच्याकडं असू द्या,’ असं मिरज म्हणाली का?

मी हसलो. मामा हसले नाहीत. पेटीत फणी ठेवणारी बाई मात्र हसली, आणि मामांनी तिला मोजणी चुकेल म्हणून दटावलं.

भाची : आणि त्या डिसेंबरात चीननंही पाणी पाठवलं होतं, तेही सांगत जा.

मामा : सांगतो की. तेच तर सांगायलो. आपण नाही गेलो तर दुसरा जातो. मिरज आणि लातूर एका राज्यातले, एका सरकारखालचे. उद्या लातूरनं तिसऱ्याला कुंपण घालून जागा दिली असती, तर मिरज गप्प बसली असती का? हंबनटोटा बघ. श्रीलंकेला कर्ज फिटेना, २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनचं ‘युआन वांग ५’ तिथं लागलं. क्षेपणास्त्रांचा, उपग्रहांचा माग काढणारं जहाज आहे ते. आणि ते लागलं कधी? त्याच वर्षी आपण श्रीलंकेला तेल, औषधं, अन्नधान्य, कर्ज सगळं देत होतो तेव्हा. नकाशाचं म्हणायलीस, तर समुद्राचा तळ मोजल्याशिवाय पाणबुडी चालत नाही. तो आपण नाही मोजला तर ते मोजणार.

नकाशाचा मुद्दा मामांनी बरोबर पकडला होता, आणि भाचीचा टोलाही त्याच जागी होता. २०१९ मध्ये मालदीवशी जलसर्वेक्षणाचा करार झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या नव्या मुइझ्झू सरकारनं तो पुढं चालू ठेवायचा नाही असं ठरवलं. आपल्या पाण्याखालची माहिती आपल्याच हातात असावी, हे त्यांचं कारण. दिल्लीत त्यावर चिडचिड झाली. पण अशी माहिती परक्या नौदलाच्या हाती सोपवायला आपण स्वतः राजी झालो असतो का, हे स्वतःला विचारलं तर उत्तर सोपं आहे.

त्या काळाची बाकी हकीकत दोघांनीही आपापल्या सोयीनं सांगितली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष झाले. भारतीय सैनिकांनी निघून जावं, ही त्यांची निवडणुकीतली मागणी. सैनिक होते नव्वदच्या आत, आणि त्यांचं मुख्य काम दोन ध्रुव हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान चालवणं, सांभाळणं. बेटावरून बेटावर रुग्ण हलवायचे, समुद्रावर नजर ठेवायची. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीपच्या फोटोंवरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर तोंड सोडलं. ते निलंबित झाले, आणि इकडं लोकांनी सहली रद्द केल्या. मार्चमध्ये मालेनं चीनशी मोफत लष्करी मदतीचा करार केला. १० मे २०२४ पर्यंत भारताचे सगळे गणवेशधारी परत आले.

मामा : हाकललं.

भाची : मामा, विमान परत आलं का? हेलिकॉप्टरं परत आली का? ती तिथंच राहिली. गणवेशवाले आले आणि त्यांच्या जागी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे तंत्रज्ञ गेले. रुग्ण हलवणं चालूच राहिलं. त्यांच्या लोकांना विमान खुपत नव्हतं, दुसऱ्या देशाचा गणवेश खुपत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत आले आणि चलन-अदलाबदलीचा करार करून गेले, चाळीस कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांचा. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला आपले पंतप्रधान मुख्य पाहुणे होते. आपण तारीख मान्य केली, माणसं काढली, म्हणून हे झालं.

मामा : पैसे संपले म्हणून आले ते. तिजोरी रिकामी झाली होती.

भाची : तेही खरं. पण आपण तेव्हा अडून बसलो असतो, तर रिकामी तिजोरी घेऊन दुसरीकडं गेले असते.

मामांनी इथं विषय बदलला. निदान मला तसं वाटलं, पण त्यांनी तो फिरवून आणला. ते गेले १९४८ ला.

मामा : तू राज्यशास्त्र शिकवतेस ना? मग आपल्याच गावची गोष्ट घे. हे अर्धापूर निजामाच्या राज्यात. निजामाचं राज्य केवढं, पण समुद्र नाही. म्हणून पोर्तुगीजांकडून मार्मागोवा बंदर मिळतं का ह्याची खटपट चालली होती. भारतानं चारी बाजूंनी वाटा आवळल्या, तेव्हा सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं भरून शस्त्रं आणायला लागला. उतरायचा कुठं? बीदरला आणि वरंगलला. बीदर इथून किती लांब आहे? शेजाऱ्याच्या पोटात तिसऱ्यानं शस्त्र आणलं की काय होतं, ते मराठवाड्याएवढं कुणाला ठाऊक नाही. म्हणून म्हणतो, कोण कुठल्या वाटेनं काय आणतोय ह्यावर डोळा पाहिजे, आणि तो डोळा शेजाऱ्याच्या घरात बसूनच ठेवावा लागतो.

भाची : शस्त्रं येऊनसुद्धा निजामाचं राज्य किती दिवस टिकलं? १३ सप्टेंबरला सैन्य शिरलं, १७ ला शरणागती. विमानं भरभरून आली, पण आतली रयत त्यांच्या बाजूनं नव्हती. मी त्यातून हे शिकते. आणि आता आतल्या माणसांवरच बोलायचं तर १९९३ घ्या. मुंबईच्या स्फोटांचं आरडीएक्स कुठं उतरलं? रायगडात, दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर. तेव्हा कुठल्या शेजाऱ्याचं रडार कमी पडलं? आपले कस्टमवाले आणि पोलीस पैसे खाऊन बाजूला झाले. २५७ माणसं मेली. त्या कस्टमवाल्या-पोलिसांतल्या काहींना शिक्षा झाल्या, पण त्या किती उशिरा. २००८ ला दहा अतिरेक्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवली आणि तिच्यातून मुंबईपर्यंत आले, कुलाब्याच्या मच्छिमारनगरला उतरले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यांना पाहिलं, हटकलंसुद्धा. पुढं काही झालं नाही. आधी घराचं दार, मग मालदीव.

मामा : दोन्ही दारं लागतात. ‘कुबेर’ आपली बोट होती म्हणून तर कुणाला संशय आला नाही. आता तुला उलटं उदाहरण देतो. ऑगस्ट २०२२, हरिहरेश्वरजवळ एक रिकामी बोट लागली, आत तीन एके-४७.

हे मलाही आठवत होतं. १८ ऑगस्टला सकाळी बातमी आली आणि रायगडपासून मुंबईपर्यंत नाकाबंदी झाली. गणपती तोंडावर होते. दुपारपर्यंत विधानसभेत उपमुख्यमंत्र्यांनी खुलासा केला. बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियन, निघाली होती मस्कतहून युरोपकडं. २६ जूनला समुद्रात इंजिन बंद पडलं, मदतीचा संदेश गेला. कोरियाच्या युद्धनौकेनं माणसांना उचलून ओमानच्या हवाली केलं. समुद्र खवळलेला असल्यामुळं बोट ओढून नेता आली नाही. ती भरकटत सात आठवड्यांनी कोकणात आली.

मामा : हा खुलासा काही तासांत झाला. बोट कुणाची, माणसं कुठं उतरली, हे मस्कतच्या बाजूला नोंदलेलं होतं, म्हणून झाला. ती नोंद नसती तर तीन बंदुकांवरून आपण आठवडाभर कोकण बंद ठेवलं असतं, आणि गणपतीला गावी निघालेला चाकरमानी पनवेलच्या नाक्यावर उभा राहिला असता. ह्याला मी सहकार्य म्हणतो. तोफ नाही, नोंद.

भाची : मग आपण एकच म्हणतोय! फक्त एक विचारते. ती बोट सात आठवडे तरंगत होती तेव्हा ‘अशी रिकामी बोट सुटली आहे’ हे आपल्या किनाऱ्याच्या पोलिसांना का माहीत नव्हतं? नोंद होती तर ती हरिहरेश्वरला सकाळी पोचायला हवी होती.

ह्यावर मामांकडं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की ह्याच कामासाठी डिसेंबर २०१८ मध्ये नौदलानं गुरुग्रामला हिंदी महासागर माहिती केंद्र काढलं आहे, तिथं शेजारी देशांचे अधिकारीही बसतात. ‘गुरुग्रामला तरी कुठं समुद्र आहे?’ असं भाची म्हणाली. ‘अर्धापूरला जेवढा आहे तेवढाच,’ मामा म्हणाले.

बातम्यांत मात्र दुसरंच जास्त येतं. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं ‘रुएन’ जहाजावरच्या ३५ सोमाली चाच्यांना शरण आणलं, १७ खलाशी सोडवले, आणि चाचे मुंबईत यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिले. कामगिरी मोठीच. मामांनी ती अभिमानानं सांगितली, भाचीनं मान डोलावली, त्यात वादाला जागा नव्हती म्हणून दोघंही पुढं सरकले. पुढचं नाव आलं ते पाकिस्तानचं, आणि इथं मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं. मामा मवाळ झाले आणि भाची तापली.

मामा : समुद्रात एक नियम आहे. बुडणाऱ्याला आधी काढायचं, मग पासपोर्ट विचारायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ‘अल पिरानपीर’ नावाचं आपलं गलबत पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालं होतं. बंदर अब्बास म्हणजे आपली केळी उतरतात तिथंच. वाटेत बुडालं. बारा खलाशी लहान होडीत. जागा पाकिस्तानच्या शोध-बचाव हद्दीत. मुंबईच्या तटरक्षक केंद्रानं कराचीच्या लोकांशी बोलणं चालू ठेवलं, त्यांचं विमान शोधायला फिरलं, आपल्या ‘सार्थक’नं माणसं उचलली. बाराच्या बारा. २००५ पासून दोन्हीकडच्या तटरक्षकांत थेट फोनची सोय आहे. उलटही झालंय. २०२४ मध्येच चाच्यांनी धरलेल्या इराणी मासेमारी बोटींवरून आपल्या नौदलानं पाकिस्तानी खलाशी सोडवले, एकदा १९, एकदा २३.

भाची : आणि तोच फोन पालघरच्या पोरांसाठी का वाजत नाही? तलासरी, डहाणूकडचे आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. हद्दीची रेघ पाण्यावर दिसत नाही, माशांमागं बोट पुढं जाते आणि पाकिस्तानची यंत्रणा ती धरून नेते. मग वर्षानुवर्षं कराचीचा तुरुंग. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ बोटीवर गोळीबार झाला, त्यात पालघरचाच मच्छीमार मेला. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. यादी देतात, माणूस देत नाहीत. आपणही त्यांचे मच्छीमार धरतोच. रामेश्वरमचे लोक श्रीलंकेच्या तुरुंगात जातात, ती तर ‘मित्रा’ची गोष्ट आहे. तुमच्या परिषदांत, सरावांत ह्यांच्यासाठी किती वेळ दिला जातो?

मामा : सराव वेगळा, मासेमारी वेगळी.

भाची : वेगळी तुमच्या फायलीत. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्री सुरक्षा म्हणजे आपला माणूस संध्याकाळी घरी येणं.

भाचीचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. १९९१ पासून भारत-मालदीवच्या तटरक्षकांचा ‘दोस्ती’ सराव होतो, पुढं श्रीलंका त्यात आली. २०११ मध्ये ह्याच तिघांनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांची बैठक सुरू केली, तिचीच आज कोलंबो सुरक्षा परिषद झाली आहे. त्यात मॉरिशस, बांगलादेश आले. दहशतवाद, तस्करी, सायबर, सगळं कामकाजात आहे. पाल्कच्या सामुद्रधुनीत रोज होणारी धरपकड मात्र अशा ठिकाणी सुटत नाही, कारण तिथं शत्रू कुणी नाही. दोन्हीकडं गरीब कोळी आहेत आणि मासे कमी आहेत.

मामांनी शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून बांगलादेश काढला, आणि तो त्यांच्या अंगावर थोडा उलटला.

मामा : तू म्हणतेस नमतं घ्या. घेतलं की! ७ जुलै २०१४ ला आंतरराष्ट्रीय लवादानं बंगालच्या उपसागरातला निकाल दिला. वादातलं पाणी साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यातलं एकोणीस हजारांवर बांगलादेशला. आपण मुकाट मान्य केलं. मग काय मिळालं? ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार बदललं आणि नोव्हेंबरात कराचीहून मालवाहू जहाज थेट चितगावला.

भाची : मालवाहूच ना? तुमची केळी इराणला जातात तेव्हा अमेरिकेलाही असंच वाटत असेल. आणि निकाल मान्य केल्यानं काय मिळालं ते मी सांगते. ढाक्यात कुणाचंही सरकार येवो, त्या समुद्रात आपली-त्यांची रेघ कुठली ह्यावर आता भांडण नाही. तेलाचा शोध असो, मासेमारी असो, गस्त असो, दोघांना आपापली हद्द ठाऊक आहे. दक्षिण चीनच्या समुद्रावर २०१६ मध्ये असाच लवादाचा निकाल आला, तो चीननं धुडकावला. फिलिपाइन्सच्या बोटींवर अजून पाण्याचे फवारे मारतात. आपण कुणासारखं दिसायचं, एवढंच ठरवायचं होतं, आणि तेव्हा आपण बरोबर ठरवलं.

मामा : बरं. मग श्रीलंकेचं काय? ५ एप्रिल २०२५ ला कोलंबोत संरक्षण सहकार्याचा करार झाला, पाच वर्षांचा. तो तरी चांगला म्हणशील का नाही?

भाची : चांगला असेल. पण त्यात काय लिहिलंय? तिथले विरोधक मजकूर मागायला लागले. मालदीवमध्ये हेच झालं होतं. उथुरु थिला फल्हूला त्यांच्या तटरक्षक दलासाठी आपण धक्का बांधून द्यायचा, असा करार फेब्रुवारी २०२१ चा. मजकूर झाकलेला. मग फुटलेले कागद फिरायला लागले आणि जो तो त्यात परक्याचा तळ शोधायला लागला. ‘इंडिया आउट’ला खत तिथून मिळालं.

मामा : धक्क्याला पाणी किती खोल, कुठलं जहाज कुठं लागणार, हे चावडीवर वाचून दाखवायचं का?

भाची : खोली नका दाखवू. आपली माणसं किती, कुणाच्या हुकमाखाली, किती वर्षं, आणि यजमानानं ‘नको’ म्हटलं तर किती दिवसांत निघायचं, एवढं दाखवा. सेशेल्सनं अझम्प्शन बेटावरच्या आपल्या प्रकल्पाला नाही म्हटलं, ते ह्याच भीतीनं.

मामा : निघायचं कलम स्वतःहून कुणी लिहून देतं का?

भाची : २०२४ मध्ये शेवटी तारीख दिलीच ना? आधीच कागदावर असती तर तिची निवडणूक झाली नसती.

मामा थोडा वेळ पेट्या मोजत राहिले. ट्रकवाला घाई करत होता, कंटेनरची वेळ ठरलेली.

मामा : लिही तुझं कलम. पण त्याच्याखाली माझं एक लिही. माणसं निघाली तरी रडार बंद होणार नाही, आणि त्यावर दिसणारी जहाजं दोघांनाही दिसतील. आणि हेच चीनच्या करारालाही लावायला सांग त्यांना.

भाची : सांगू. पण आपल्याला मिळालेलं चित्र त्यांनी तिसऱ्याला दाखवलं तर?

मामा : त्यासाठीच त्यांचा अधिकारी गुरुग्रामला आपल्या माणसाच्या शेजारी बसवायचा. आणि आपलाही एक मालेत बसवायचा, बिनगणवेशाचा.

भाची : त्यांनी बोलावलं तर.

मामा : हां, बोलावलं तर.